मेहनत कमी नव्हती, रक्त कमी होतं

आज थोडं फुटबॉलबद्दल लिहिणार आहे, आणि माझ्या एका चुकीबद्दलही.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंबिवलीतली १४ वर्षांची एक मुलगी आईबरोबर दवाखान्यात आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) शाळेच्या फुटबॉल संघात ती मधल्या फळीत खेळायची. तक्रार साधी होती. दम लागतो, पाय भरून येतात, दुसऱ्या हाफमध्ये चेंडूपर्यंत पोहोचताच येत नाही. संघाच्या सरांचं म्हणणं, "तुझी मेहनत कमी पडतेय. रोज मैदानाला दोन फेऱ्या जास्त मार." आणि ती बिचारी मारत होती.

त्या दिवशी ओपीडीत गर्दी होती. मी छाती तपासली, घसा पाहिला. रात्री किती वाजता झोपतेस, मोबाइल किती बघतेस, हे विचारलं. व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या आणि वर म्हणालो, "सर बरोबर सांगतायत. स्टॅमिना हळूहळूच वाढतो." थोडक्यात, मीही तिला दोन फेऱ्या जास्तच मारायला सांगितलं.

दीड महिन्याने ती परत आली. कल्याणला सामना होता, हाफ टाइमनंतर चक्कर येऊन ती मैदानातच बसली. या वेळी मी तिची खालची पापणी ओढून पाहिली. पांढरीफटक! आई म्हणाली, "डॉक्टर, हिला हल्ली कच्चे तांदूळ खायची सवय लागलीय. ओरडले तरी ऐकत नाही." शरीरात लोह कमी झालं की काही जणांना माती, खडू, बर्फ, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. ही गोष्ट मला पहिल्याच भेटीत कळली असती. मी विचारलंच नव्हतं.

पाळीबद्दलही मी विचारलं नव्हतं. आता विचारल्यावर ती आईकडे बघत हळूच म्हणाली, "काका, पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं. सरांना मी पोट दुखतंय म्हणून सांगते."

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ८.४. या वयाच्या मुलींमध्ये ते किमान १२ हवं. शरीरातला लोहाचा साठा सांगणारी फेरिटिन ही तपासणीही केली. साठा जवळजवळ संपलेला होता.

हे आकडे मैदानावर काय करतात ते समजून घ्या. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातून प्राणवायू वाहून नेणारी गाडी. बाराऐवजी आठ गाड्या असतील, तर स्नायूंना प्राणवायू एक तृतीयांश कमी पोहोचणार. मग हृदय त्याच गाड्यांच्या खेपा वाढवतं, म्हणजे धडधड वाढते. बसल्या जागी हे फारसं जाणवत नाही. पण फुटबॉलमध्ये प्रौढ खेळाडू एका सामन्यात साधारण दहा किलोमीटर धावतो, त्यातही मध्येच सुसाट, मध्येच चालत. तिथे ही कमतरता लपत नाही. ज्या फेऱ्यांनी इतर मुलींचा दम वाढत होता, त्याच फेऱ्या हिला आणखी थकवत होत्या.

आता प्रशिक्षकांबद्दल. सर वाईट नव्हते, हे आधी सांगतो. पहाटे पाच वाजता स्वतःच्या स्कूटरवर चेंडूंची जाळी घेऊन येणारा माणूस. चांगला प्रशिक्षक काय करू शकतो, याची गोष्ट तुम्ही 'मैदान' चित्रपटात पाहिली असेल. हैदराबादचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवलेला भारतीय संघ १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा आला. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पहिलाच सामना आपण दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरलो. पुढे बचाव फळीतल्या जर्नेल सिंग यांच्या डोक्याला मार लागून टाके पडले. रहीम यांनी त्यांना बचावातून काढून आघाडीला खेळवलं. उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामन्यांत त्यांनी गोल केले. ४ सप्टेंबर १९६२ ला त्याच दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून आपण सुवर्णपदक जिंकलं. रहीम तेव्हा फुप्फुसाच्या कर्करोगाने आजारी होते. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये ते गेले.

ही गोष्ट मला फार आवडते. पण डॉक्टर म्हणून एक सांगायलाच हवं. आज डोक्याला मार लागलेला खेळाडू माझ्याकडे आला, तर मेंदूला धक्का बसलेला नाही याची खात्री झाल्याशिवाय मी त्याला मैदानावर जाऊ देणार नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीतही हेच करा. डोक्याला लागल्यावर उलटी, गोंधळल्यासारखं होणं, वाढती डोकेदुखी किंवा जास्त झोप येणं दिसलं तर थेट रुग्णालयात जा.

दुसरी गोष्ट आपल्या शेजारची, नवी मुंबईतली. जानेवारी २०२२ मध्ये महिलांची आशियाई करंडक स्पर्धा महाराष्ट्रात झाली. थॉमस डेनरबी या स्वीडिश प्रशिक्षकांनी आपला संघ कित्येक महिने तयार केला होता. तयारीसाठी संघ ब्राझीललाही जाऊन आला. तिथे ब्राझीलने आपल्याला ६-१ ने हरवलं, पण तो एक गोल मनीषा कल्याणने केला होता. (कल्याण हे आडनाव, मुलगी पंजाबची!) स्पर्धेत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २० जानेवारीला इराणशी ०-० बरोबरी झाली. २३ तारखेला चायनीज तैपेईशी सामना होता आणि तो झालाच नाही. संघात कोरोना इतका पसरला, की नियमाप्रमाणे लागणारे किमान १३ खेळाडूही उभे करता आले नाहीत. संघ स्पर्धेबाहेर गेला.

त्या मुलींची मेहनत कमी होती असं कोणी म्हणेल का? तिथे आजार सगळ्यांना दिसला. माझ्यासमोरच्या मुलीचा आजार कोणाला दिसला नाही, म्हणून तिला आळशी ठरवलं गेलं. आणि अशी ती एकटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना ॲनिमिया आढळला. म्हणजे अकरा मुलींचा संघ उभा केला, तर त्यातल्या सहा!

तिला लोहाच्या गोळ्या आणि जंतांचं औषध सुरू केलं. जास्त रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तुमच्या घरीही अशी मुलगी असेल तर एवढं लक्षात ठेवा:

- लोहाची गोळी चहा, कॉफी किंवा दुधाबरोबर घेऊ नका. लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा तासभर तरी लांब ठेवा.
- शौच काळपट होते, त्याला घाबरू नका. पोटात मळमळत असेल तर गोळी स्वतः बंद न करता डॉक्टरांना विचारा.
- हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. रिकामा झालेला साठा त्यानंतरच भरतो.
- बाजरी, काळे चणे, मटकी, अळिवाचे लाडू, पालेभाजी जेवणात असू द्या. चालत असेल तर मटण, कलेजी. वर लिंबू पिळा.
- महिनाभरात हिमोग्लोबिन वाढलं नाही तर थॅलेसेमिया किंवा इतर कारण शोधावं लागतं.

चहाचं ऐकून तिची आई गप्प झाली. "मी रोज पहाटे तिला चहा-बिस्किट देऊनच पाठवते," म्हणाली. म्हटलं, "ताई, तुमचं काही चुकलं नाही. चुकलं माझं. पहिल्या वेळी पापणी ओढायला मला दहा सेकंद लागले असते." मग मुलीकडे वळून तिलाही सॉरी म्हटलं. ती लाजली आणि विचारलं, "मग मी परत कधी खेळू?"

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.९ झालं. सराव आम्ही टप्प्याटप्प्याने वाढवला. त्या वर्षी तिचा संघ दुसऱ्याच फेरीत हरला, पण ती शेवटच्या शिट्टीपर्यंत धावत होती. नंतर एके दिवशी सर स्वतः दवाखान्यात आले. म्हणाले, "डॉक्टर, बाकीच्या मुलींना कसं विचारू? मला अवघड वाटतं." आम्ही एक सोपा मार्ग काढला. शाळेतल्या एका बाई दर महिन्याला मुलींशी बोलतात, आणि हंगामापूर्वी सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासून घेतलं जातं.

तुमचं मूल खेळात अचानक मागे पडायला लागलं, तर "मेहनत कर" म्हणण्याआधी एकदा त्याची पापणी ओढून बघा. आणि तुमच्या डॉक्टरांनी बघितली नाही, तर त्यांना आठवण करून द्या. आम्हालाही लागते.

काळजी घ्या, आणि मुलांना खेळू द्या.