गोठ्यातली गाणी

नाताळ आठवड्यावर आला की वसई-वांद्र्यापासून मडगावपर्यंत कुठल्या ना कुठल्या घरातून जिम रीव्हजचा आवाज येतोच. एकीकडे करंज्या तळल्या जातायत, चांदणीची वायर कुठे तुटलीय ते शोधणं चाललंय आणि मागे हा टेक्सासचा माणूस निवांत गातोय. ३१ जुलै १९६४ रोजी तो विमान अपघातात गेला. ‘ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस’ ही त्याची रेकॉर्ड त्याच्या आदल्या वर्षीची. आमच्याकडे कंट्री संगीत म्हणजे रीव्हज, आणि कंट्रीतला नाताळ म्हणजे ही बारा गाणी.

माझा धंदा ध्वनिमुद्रणाचा, त्यामुळे रीव्हजबद्दल मला आधी आठवतो तो त्याचा मायक्रोफोन. सुरुवातीला तो चांगला मोठ्या, खुल्या आवाजात गायचा. १९५७ साली ‘फोर वॉल्स’ गाताना त्याने आवाज पाडला आणि तोंड माइकच्या अगदी जवळ नेलं. स्टुडिओतल्या तंत्रज्ञांना ते रुचलं नव्हतं. निर्माता चेट अ‍ॅटकिन्स मात्र त्याच्या बाजूने उभा राहिला. दिशा धरून ऐकणाऱ्या माइकला तोंड जवळ नेलं की आवाजातला खर्ज आपोआप फुगतो, श्वास ऐकू येतो, आणि गाणारा शेजारच्या खुर्चीवर बसल्यासारखा वाटतो. रीव्हजचं ते मखमली मार्दव गळ्याचं होतंच, पण त्यात या अंतराचाही वाटा मोठा आहे.

तरीही त्या बारा गाण्यांतली बरीचशी सगळ्यांना पाठ असलेली, आणि पाठ असलेलं गाणं आपण फारसं ऐकत नाही. ते सुरू झालं की आठवणी सुरू होतात आणि गाणं बिचारं मागे राहतं. नाताळच्या अल्बमची खरी परीक्षा माझ्या मते अनोळखी गाण्यात होते. श्रोत्याला ते नवं तर वाटलं पाहिजे, पण शेजारी बसलेल्या दोनशे वर्षांच्या गाण्यासमोर ते उपरं दिसता कामा नये.

हे ज्या रेकॉर्डवर सगळ्यांत छान साधलंय ती कंट्री गायिका एमिलू हॅरिसची ‘लाइट ऑफ द स्टेबल’, १९७९ सालची. निर्माता ब्रायन अहर्न, तेव्हाचा तिचा नवरा. या अहर्नचा स्टुडिओ म्हणजे एक लांबलचक ट्रेलर होता, एनॅक्ट्रॉन ट्रक नावाचा. बेव्हर्ली हिल्समधल्या भाड्याच्या घराबाहेर तो उभा करायचा, टेप मशीन आणि मिक्सर ट्रकमध्ये, गाणारे-वाजवणारे घरात, मधे केबलींचं जाड वेटोळं. सत्तरच्या दशकातल्या एमिलूच्या रेकॉर्डींना राहत्या घराचा जो वास आहे तो इथला. घरातल्या खोलीत सोफा असतो, पडदे असतात, आवाज घुमत नाही. गिटारच्या तारेवरून बोट सरकल्याची चीं ऐकू येते. स्टुडिओत आम्ही ती पुसायला जातो. या रेकॉर्डवर ती असणंच बरं वाटतं.

नाताळच्या गाण्यांवर हमखास जे लादलं जातं ते म्हणजे घुंगरांचा पट्टा, व्हायोलिनचा ताफा आणि मागे चाळीस जणांचा कोरस. यातले घुंगरू सगळ्यांत त्रासदायक. त्यांचा सगळा आवाज वरच्या पट्टीत, जिथे गाणाऱ्याचे स, श, त, च असतात नेमका तिथे. घुंगरू वाजले की शब्दांच्या कडा बोथट होतात, मग आवाज वाढवावा लागतो, तो वाढवला की गिटार बुडते, आणि शेवटी सगळेच ओरडायला लागतात. अकूस्टिक गिटार, मँडोलिन आणि दोन-तीन गळे एवढ्यावर भागवलं तर कोणालाच ओरडावं लागत नाही. मंद गाण्याचं मंदपण लयीपेक्षा या जागा मोकळ्या ठेवण्यात असतं.

आता गाण्यांकडे. शीर्षकगीत स्टीव्हन आणि एलिझाबेथ ऱ्हाइमर यांचं, म्हणजे चक्क नवं. १९७५ मध्येच ते सिंगल म्हणून बाजारात आलं होतं, मागे डॉली पार्टन, लिंडा रॉनस्टॅट आणि नील यंग गातायत. एवढी मोठी नावं, पण कोणीही पुढे घुसत नाही. कंट्रीतल्या अशा गाण्यात मुख्य सुराच्या वर एक उंच सूर चालतो, तोच शब्द, तोच श्वास, फक्त वरून. मूळ गाणारा जिथे थांबला तिथेच, त्याच क्षणी थांबायचं. यात तयारीपेक्षा एकमेकांकडे बघत गाण्याची सवय लागते. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या बूथमध्ये डब केलेल्या कोरसात ती कधीच येत नाही, कितीही ट्यून करा. एमिलू ती गायक ग्रॅम पार्सन्सच्या शेजारी उभी राहून शिकली होती. ‘एंजल आइज’ हे रॉडनी क्रोवेलचं, तेही नवंच. त्यात विली नेल्सन सोबत करतो.

‘ब्युटिफुल स्टार ऑफ बेथलेहेम’ ऐकून ते कुठलं तरी जुनं स्तोत्र असावं असं वाटतं. ते लिहिलं टेनेसीतल्या आर. फिशर बॉइस नावाच्या शेतकऱ्याने, विसाव्या शतकात. घरात पोरांचा गोंधळ, म्हणून स्वारी दुभत्या गायींच्या गोठ्यात जाऊन बसली आणि तिथे ते गाणं झालं. बेथलेहेमच्या गाण्याला याहून योग्य जागा मिळणं कठीण. ‘लिटल ड्रमर बॉय’ची गंमत उलटी आहे. कॅथरीन डेव्हिसने १९४१ मध्ये ते लिहिताना एका चेक गाण्यावरून घेतल्याची नोंद केली, पण ते चेक मूळ आजवर कोणाला सापडलेलं नाही. नव्याने जुन्याचा सदरा घातला आणि तो सगळ्यांना पटला. (या रेकॉर्डवर मला सगळ्यांत कमी आवडतं ते हेच. ढोलाचे बोल तोंडाने किती वेळ ऐकायचे?)

‘सायलेंट नाइट’ही इथे आहे, आणि गिटारवर ते ऐकून कोणी नाक मुरडलं तर त्याला १८१८ ची आठवण करून द्यावी. साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फमध्ये त्या वर्षी २४ डिसेंबरला ते पहिल्यांदा गायलं गेलं तेव्हा दोन गळे होते, कोरस होता, आणि साथीला होती गिटारच. ऑर्गन आणि ऑर्केस्ट्रा मागाहून चढले.

२००४ च्या नव्या आवृत्तीत तीन गाणी वाढवली, त्यात ‘चेरी ट्री कॅरल’ आहे. हे मात्र खरोखर जुनं. गरोदर मेरी जोसेफला म्हणते, मला चेऱ्या तोडून दे; तो चिडून म्हणतो, पोर ज्याचं त्याला सांग; आणि झाड आपणहून वाकतं. एवढा संशय, एवढा संसार नाताळच्या दुसऱ्या कुठल्या गाण्यात मी ऐकलेला नाही. केंटकीच्या डोंगरांतल्या काही पाठांत तर पोटातलं बाळ आपल्या जन्माची तारीख सांगतं, आणि ती निघते सहा जानेवारी! कारण १७५२ मध्ये इंग्रजी सत्तेने कॅलेंडर बदलून अकरा दिवस उडवले, पण डोंगरातल्या कित्येक घरांनी जुना नाताळ सोडला नाही. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांची दिवाळी एखाद्या वर्षी गावाच्या महिनाभर आधी उरकते, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना या हट्टाचं नवल वाटू नये. राज्यकर्त्यांनी तारीख बदलली आणि गाण्याने ती बदलली नाही.

कंट्रीतल्या नाताळाला थंडी, पगार, तुरुंग यांचीही लाज वाटत नाही. मर्ल हॅगर्डने १९७३ च्या आपल्या नाताळ अल्बमवर कारखान्यातून कमी केलेल्या बापाचं गाणं ठेवलं, ‘इफ वी मेक इट थ्रू डिसेंबर’. मुलीला नाताळला काय द्यायचं हा त्याचा प्रश्न. ते कंट्रीच्या यादीत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. जॉन प्राइनचं कैद्याचं नाताळगीतही त्याच वर्षीचं. ही गाणी रडवेली नाहीत. चाल दोन्हींची अगदी साधी, गुणगुणता येणारी आहे आणि दुःख शब्दांकडेच ठेवलंय.

पुन्हा एमिलूकडे. तिच्या रेकॉर्डची सुरुवात ज्या चपळ गाण्याने होते ते ‘ख्रिसमस टाइम्स अ-कमिन’, टेक्स लोगनचं. बिल मन्रोने ते १९५१ मध्ये पहिल्यांदा रेकॉर्ड केलं आणि ब्लूग्रास या कंट्रीच्या शाखेतल्या लोकांनी ते लोकगीत असल्यासारखं वाटून घेतलं. हा लोगन फिडल वाजवायचा, आणि दिवसा न्यू जर्सीत बेल लॅब्जमध्ये नोकरी करायचा. तिथे १९६१ मध्ये मॅनफ्रेड श्रोडरबरोबर त्याने कृत्रिम रिव्हर्बवर, म्हणजे आवाज घुमवण्याच्या तंत्रावर, निबंध लिहिला. आवाज थोडा उशिराने पुन्हा स्वतःतच फिरवला की घुमल्याचा भास होतो, पण काही सूर फुगतात आणि डब्यात बोलल्यासारखं ऐकू येतं. सगळे सूर सारखेच बाहेर पडतील अशी फिरवणूक या दोघांनी मांडली. आज आमच्या संगणकात जे डिजिटल रिव्हर्ब असतात त्यातल्या बहुतेकांचं घराणं तिथवर जातं. निबंधावर नाव बी. एफ. लोगन असं आहे, त्यामुळे तो फिडलवाला आणि हा शास्त्रज्ञ एकच हे आमच्या धंद्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं.

नोव्हेंबरात माझ्याकडे नाताळची गाणी घेऊन येणारे जवळजवळ सगळे एकच मागतात: चर्चसारखं घुमू दे. मी रिव्हर्ब थोडा लावतो, त्यांना ऐकवतो, मग हळूच बंद करून पुन्हा ऐकवतो. ज्यांच्या गटात तिघं-चौघं खरोखर एकत्र बसून गायलेले असतात, ते बहुधा म्हणतात, राहू दे, असंच ठेव.