गाय, गवत आणि देवीचा रोग

१२ जुलै १७७६. फिलाडेल्फियात स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला गेला, त्याला आठच दिवस झाले होते. मॅसॅच्युसेट्समधील ब्रेंट्री गावाहून ॲबिगेल ॲडम्स चार मुलांसह बॉस्टनला आली. सोबत अंथरुणे होती, जळण होते, गवत होते आणि एक दुभती गायही होती. मुक्काम चुलते आयझॅक स्मिथ यांच्या घरी. येण्याचे कारण एकच : स्वतःला आणि मुलांना जाणूनबुजून देवीचा रोग लावून घेणे!

‘देवी टोचणे’ म्हटले की आपल्याला जेनरची लस आठवते. ती १७९६ ची. त्यापूर्वीची रीत भयंकर होती. रोग्याच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या कातडीला छेद देऊन आत सोडायचा. रोग यायचाच, पण बहुधा सौम्य. मात्र तो इतरांना लागे, म्हणून आठवडेच्या आठवडे कोंडून घ्यावे लागे.

ही विद्या बॉस्टनला कोणी सांगितली? ओनेसिमस नावाच्या आफ्रिकी गुलामाने, आपला मालक, धर्मोपदेशक कॉटन मॅदर याला. १७२१ च्या साथीत डॉक्टर बॉइल्स्टनने ती वापरली, तेव्हा शहर इतके खवळले की मॅदरच्या घरात बॉम्ब फेकला गेला. आकडे मात्र बोलके निघाले. नैसर्गिक रोगाने साधारण सातांत एक दगावला, टोचलेल्यांत चाळिसांत एक. ज्याच्या सांगण्यावरून हे घडले, तो त्याच शहरात मालमत्ता म्हणून मोजला जात होता, हे विसरता येत नाही.

चाळिसांत एक. ॲबिगेलची मुले चार, आणि पाचवी ती स्वतः. पती जॉन ॲडम्स फिलाडेल्फियात; त्याला ही बातमी इतरांच्या पत्रांतून, मागाहून कळली. १७६४ साली लग्नापूर्वी तो स्वतः टोचून घ्यायला बॉस्टनला राहिला होता, तेव्हा त्याची पत्रे धुरी देऊन मगच तिच्या हाती पडत. आता मात्र निर्णय तिचा एकटीचा होता. कॅनडाच्या मोहिमेत अमेरिकी सैन्य देवीने पोखरले गेले होते. वाट पाहणे हीही जोखीमच होती.

१८ जुलैला स्टेट हाउसच्या सज्जातून जाहीरनामा वाचला गेला. टोचून घेतलेली ॲबिगेल त्या गर्दीत उभी होती. तोफा, घंटा, जयघोष. संध्याकाळी राजाची चिन्हे उतरवून जाळण्यात आली. पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांत ही गर्दी असते, तिच्यातला ज्वर नसतो.

नऊ वर्षांचा जॉन क्विन्सी सहज निभावला. अकरा वर्षांच्या नॅबीच्या अंगावर मात्र फोडच फोड उठले. सहा वर्षांच्या चार्ल्सला पुन्हा टोचूनही रोग लागेना. अखेर त्याला तो नैसर्गिक रूपानेच झाला आणि दोन दिवस तो वातात बरळत होता. फिलाडेल्फियाला पत्र पोहोचेपर्यंत त्यातली बातमी शिळी होई. आज जिवंत असल्याचे वाचलेले मूल उद्या असेल काय, हे कळायला पुढची टपाल.

फेब्रुवारी १७७७ मध्ये वॉशिंग्टनने साऱ्या सैन्याला टोचण्याचा हुकूम काढला. स्वतः त्याला १७५१ साली बार्बाडोसमध्ये देवी येऊन गेल्या होत्या.

ॲबिगेल सप्टेंबरच्या आरंभी ब्रेंट्रीला परतली. पाचही जण जिवंत होते. जॉन अजून फिलाडेल्फियातच होता.