पासाची हद्द

मराठीत महाविद्यालयीन जीवनाचे जे चित्रण झाले आहे, ते बहुतांशी वसतिगृहाच्या खिडकीतून झाले आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ सालच्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला येतो आणि त्याच्या शिक्षणाचा खरा भाग वर्गाबाहेर, वसतिगृहाच्या खोल्यांत, मेसच्या पंगतीत आणि रात्रीच्या भटकंतीत घडतो. ही कादंबरी मी प्रथम वाचली ती १९७८ साली, नेरळ आणि दादर यांच्या दरम्यान, सलग चार सकाळी. तिचे वाङ्मयीन मोठेपण मला तेव्हा कितपत कळले असेल, याची शंकाच आहे. पण एक असूया मात्र स्पष्ट आठवते. पांडुरंगाजवळ रात्र होती. माझ्याजवळ ती नव्हती. माझे महाविद्यालय सूर्य मावळला की संपत असे.

नेरळ स्टेशनापासून आमचे गाव पायी पाऊण तासावर. भातशेतीचा तुकडा आणि वडिलांची भातगिरणीतली नोकरी यांवर घर चालले होते. १९७७ साली बारावी झाल्यावर मुंबईत बी.ए. करण्याचे मी ठरवले, तेव्हा वसतिगृहाचा विचारही कोणी काढला नाही. विद्यार्थ्यांच्या पासाला निम्मी सवलत मिळे. त्या सवलतीवरच माझे उच्चशिक्षण उभे होते. आई पहाटे साडेतीनला उठून तांदळाच्या भाकऱ्या भाजी. पाचला मी कंदील घेऊन निघे, तो स्टेशनाजवळच्या एका दुकानाच्या पडवीत ठेवी आणि पावणेसहाच्या सुमाराची गाडी धरी. माथेरानची १९०७ सालापासूनची छोटी गाडी तेव्हा शेजारच्या फलाटाशी झोपलेली असे. नेरळ ते दादर हे अंतर साधारण पाऊणशे किलोमीटरचे, पावणेदोन तासांचे. पुढे एकदा मी हिशेब केला. वर्षाला १८० दिवस धरले, तरी तीन वर्षांत ८१,००० किलोमीटर होतात. म्हणजे पृथ्वीला दोन प्रदक्षिणा. एवढ्या भ्रमणानंतर मला जगाची जी ओळख झाली, तीत वांगणी, बदलापूर, अंबरनाथ ही स्थळे प्रामुख्याने येतात.

पहिले वर्ष मी जवळजवळ वाया घालवले. नापास झालो नाही, या अर्थाने ते वाया गेले नाही. पण बाराला तास संपत आणि पाऊण वाजता दादरहून सुटणारी रिकामी गाडी मला खुणावत असे. दुपारच्या त्या गाडीत पाय पसरून झोपता येई. तीनला मी घरी. वर्षअखेरीस माझ्या लक्षात आले की वर्गातल्या तीनचार मुलांपलीकडे मला कोणाचे नाव ठाऊक नाही, वाङ्मय मंडळाची खोली कोणत्या मजल्यावर आहे हे ठाऊक नाही, आणि ग्रंथालयाचे कार्ड कोरे आहे. महाविद्यालय हे माझ्या लेखी एक स्टेशन झाले होते. तिथे उतरायचे आणि परतीची गाडी पकडायची.

हे बदलले ते आमच्या मराठीच्या एका सरांमुळे. निबंधाच्या वह्या परत देताना त्यांनी मला थांबवून घेतले. “तुम्ही दुपारी दिसत नाही. कुठे राहता?” मी गाव सांगितले. माझी अपेक्षा सहानुभूतीची होती. सर म्हणाले, “मग साडेपाचच्या गर्दीत जाऊ नका, हे बरोबर. पण पाऊणची गाडी कशाला? आठची पकडा. गर्दी पुढेही ओसरते.” असे कुणी मला सांगितले नव्हते. दुपार आणि आठ यांच्या मध्ये सात तास असतात, आणि ते माझे होऊ शकतात, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

त्या सात तासांसाठी एक बसण्याची जागा लागते. वरकरणी ही क्षुल्लक बाब वाटेल. परंतु रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचे अर्धे नशीब तीवर ठरते. वसतिगृहातल्या मुलाला खोली असते, शहरातल्या मुलाला घर असते. आमच्यासारख्यांची वह्या-पुस्तके, डबा, पावसाळ्यात ओली छत्री, सारे खांद्यावर. मला ती जागा दादरला मिळाली, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात. १८९८ साली स्थापन झालेल्या या संस्थेने मला जे दिले त्याची मोजदाद करणे कठीण आहे. जुन्या मासिकांच्या बांधीव फायली मी तिथेच प्रथम हाताळल्या. एका अडचणीचा उल्लेख मात्र करायला हवा. आईच्या डब्यात भाकरीबरोबर पुष्कळदा सुक्या बोंबलाची चटणी असे, आणि पिशवी बंद असली तरी तिचा वास बंद राहत नसे. मी तो डबा बाहेर पायरीवर बसून घाईघाईने संपवी आणि हात तीनदा धुऊन फायली उघडी. आज त्या संकोचाची लाज वाटते. पण तो होता.

माझ्या पासावर नेरळ ते दादर असे लिहिलेले होते. त्यामुळे माझी मुंबई दादरला संपत होती. पुढे व्हीटीपर्यंत जायचे तर निराळे तिकीट काढावे लागे. एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या, विद्यापीठाचा राजाबाई मनोरा, काळा घोडा ही नावे मी वर्गात ऐकत असे, आणि ती मला लंडन-पॅरिसइतकीच दूर वाटत. संध्याकाळी दादरला कर्जत गाडीत शिरणे दुरापास्त असल्याने काही मुले उलटी व्हीटीला जात आणि तिथून जागा धरून येत. मीही दोनदा गेलो. तो विनातिकीट प्रवास होता. दोन्ही वेळा जागा मिळाली आणि दोन्ही वेळा पुस्तक उघडले गेले नाही. नजर सारखी तिकीट तपासनीसाच्या वाटेकडे. तिसऱ्यांदा गेलो नाही.

गाडीत अभ्यास होतो, असे आम्ही अभिमानाने सांगत असू. त्यात अर्धेच तथ्य आहे. सकाळी नेरळला बसायला मिळे, तेव्हा कल्याणपर्यंत वाचन होई. कल्याणनंतर गुडघ्यांसमोर माणसांची भिंत उभी राही आणि पुस्तक छातीशी धरावे लागे. संध्याकाळी तर हात वर करायलाही वाव नसे. पण गर्दीत पुस्तक उघडता आले नाही, तरी कविता आठवता येते. मी पाठ्यक्रमातल्या कविता पासाच्या आकाराच्या कागदावर उतरवून पासाच्याच पाकिटात ठेवी आणि ओळ अडली की काढून बघे. माझी पिढी कविता डोळ्यांनी वाचायला शिकलेली. मला ती कानांनी वाचण्याची सवय लागली, याचे श्रेय अभिरुचीला देता येणार नाही. ते गर्दीला द्यावे लागेल.

याच गाडीत एक भजनी डबा होता. टाळ, एखादे ढोलके, खिडकीच्या वर विठोबाची तसबीर. गिरणीतले, गोदीतले, कचेऱ्यांतले लोक. दसऱ्याला ते डब्याला तोरण बांधत. पहिल्या वर्षी मी त्यांना टाळत असे. दुसऱ्या वर्षी एका सकाळी नेहमीचा डबा चुकला आणि त्यांच्यात जाऊन पडलो. मोठ्या अभंगाच्या चरणात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे असतात, हे मला पाठ होते. गाताना मात्र ती माणसे अखेरच्या चार अक्षरांना सहांच्या बरोबरीने वेळ देत होती. आखूड चरण ताणला जात होता, टाळ मात्र ढळत नव्हता. मी दुपारी संदर्भ विभागात जाऊन माधवराव पटवर्धनांची ‘छंदोरचना’ मागून घेतली. ती त्या दिवशी मला फारशी समजली नाही. परंतु अक्षरे मोजणे आणि काळ मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा प्रश्न मनात रुतला, आणि पुढे माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधातला एक संपूर्ण भाग त्यातून निघाला. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी मार्गदर्शकांचे, ग्रंथपालांचे, पत्नीचे आभार मानले. भजनी डबा राहून गेला.

दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, तेव्हा त्याची एकच प्रत आमच्या डब्यातल्या पाच विद्यार्थ्यांत फिरली. अंबरनाथचा एकजण ती उतरताना दुसऱ्याच्या हाती देई. त्यावर जे वाद झाले, ते वर्गात झाले असते तर सर मध्ये पडले असते. गाडीत मध्ये पडला तो एक फिटर. तो म्हणाला, “पुस्तकातलं राहू द्या. तुमच्यापैकी कोण कोणाच्या घरी जेवलंय ते सांगा.” डब्यात बराच वेळ कोणी बोलले नाही.

मुलींची गोष्ट वेगळी होती. बदलापूरहून येणारी आमची एक वर्गभगिनी माझ्याहून निश्चितच हुशार होती. आठच्या गाडीचा उपाय तिला मी मोठ्या उत्साहाने सांगितला. ती हसून म्हणाली, “दिवेलागणीच्या आत घरी पोचते, म्हणून तर कॉलेज चालू आहे.” उपाय सर्वांना सारखे लागू नसतात, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

आणि आठची गाडीही कधी चुकते. तिसऱ्या वर्षी वाङ्मय मंडळाने एक काव्यवाचन ठेवले होते. ते लांबत गेले, उठवेना. मला रात्र हवी होती, ती एकदाची मिळाली. कल्याणला पोचलो तेव्हा कर्जतकडची शेवटची गाडी गेलेली होती. फलाटावरच्या बाकावर, पिशवी उशाला घेऊन मी पडलो. आयुष्यातील ती एक अत्यंत सुखाची रात्र होती; ऐकलेल्या कविता मी पहाटेपर्यंत घोळवत राहिलो. घरी पोचलो तेव्हा वडील गिरणीत गेलेले होते. आईने चहा दिला. ती म्हणाली, “अण्णा स्टेशनात होते. तुझा कंदील पडवीतच होता, म्हणून गाडीवर गाडी बघत बसले.” शेवटची गाडी गेल्यावरही ते तासभर बसले होते. संध्याकाळी ते आले, जेवले. मला म्हणाले, “वाती संपल्या असतील तुझ्या. आणल्यात.” या विषयावर आमच्यात एवढेच बोलणे झाले.

इथवर लिहिलेले वाचले तर कष्टाचे चीज झाल्याची ही एक गोड कथा वाटेल. म्हणून पुढचे लिहिले पाहिजे.

१९८३ साली मी प्राध्यापक झालो, मध्य रेल्वेच्याच मार्गावरील एका महाविद्यालयात. आणि यथावकाश त्याच्या जवळ राहायला आलो. सकाळचा पहिला तास सात-वीसला सुरू होई. हजेरी मी पहिल्या पाच मिनिटांत घेई आणि मग दार लावी. शिस्तीचा मास्तर अशी माझी ख्याती होती व ती मला आवडत असे. १९९४ साली प्रथम वर्षाच्या वर्गात त्रेचाळीस क्रमांकाचा एक मुलगा कसाऱ्याच्या बाजूने येई. तो सात-चाळीसला दाराशी दिसे. आत येऊ दिले, तर मागे बसे; नाही दिले, तर खिडकीपाशी उभा राहून लिहून घेई. ७५ टक्के उपस्थितीचा नियम होता. वर्षअखेरीस अपात्र विद्यार्थ्यांची यादी माझ्यापुढे आली, तीत तो क्रमांक होता, आणि मी सही केली. तो मला भेटायला आला नाही. आला असता, तर मी कदाचित माझ्या पावणेसहाच्या गाडीची गोष्ट त्याला ऐकवली असती. ती मी तेव्हा फार ऐकवीत असे.

जूनमध्ये वेळापत्रक चाळताना, दुसऱ्याच कामासाठी, माझे बोट कसारा मार्गावर थांबले. त्याच्या गावाहून निघणारी पहाटेची गाडी आमच्या स्टेशनात सात-अठ्ठावीसला येत होती. तिच्या आधीची गाडी नव्हती. म्हणजे तो एकही दिवस उशिरा आला नव्हता. वेळापत्रक वर्षभर माझ्या टेबलाच्या खणात होते, आणि वेळापत्रक वाचण्यात माझा हात धरणारा त्या स्टाफरूममध्ये कोणी नव्हता.

मी कार्यालयात जाऊन चौकशी केली. त्याने पुन्हा प्रवेश घेतलेला नव्हता. अर्जावरच्या पत्त्यावर पत्र पाठवले. उत्तर आले नाही.

त्या वर्षापासून २०२० साली निवृत्त होईपर्यंत मी हजेरी तासाच्या शेवटी घेतली. प्राचार्यांनी एकदा विचारणा केली, तेव्हा मी गाड्यांचे कोष्टक पुढे ठेवले. एक सहकारी म्हणाले, “अहो, पोरं आता शेवटच्या पाच मिनिटांतच येतील.” काही आलीही. दरवर्षी पहिल्या दिवशी मी मुलांना आपले स्टेशन आणि गाडीची वेळ नावापुढे लिहायला सांगत असे. टिटवाळा, आसनगाव, खर्डी, वांगणी, शेलू. त्या वह्या अजून घरी आहेत.