पथ्य, पाहुणचार आणि जालना

प्रवास आणि पथ्य यांचे वैर फार जुने आहे. घरात असताना पथ्य पाळणे त्यामानाने सोपे. डबा कोणत्या फळीवर ठेवायचा हे गृहिणीला ठाऊक असते आणि आपल्यालाही तो काढायची लाज वाटते. पण माणूस गावाला निघाला, की छत्रीबरोबर पथ्यही बहुधा घरच्या खुंटीवरच राहते. परतल्यावर काट्यावर उभे राहायची वेळ आली, म्हणजे ‘प्रवासात हे चालायचेच’ असे म्हणून आपण आपलीच समजूत घालतो.

माझ्या बाबतीत ही समजूत चालण्यासारखी नव्हती. पंचेचाळिशी ओलांडली तेव्हा रक्तातली साखर उंबरठ्याशी येऊन उभी आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. ती आत आली म्हणजे काय करते, हे मी वडिलांच्या शेवटच्या वर्षांत पाहिले होते. म्हणून डॉक्टरांच्या संमतीने दिवसातून दोनदाच जेवण्याची योजना पत्करली. डॉ. श्रीकांत जिचकर आपल्या व्याख्यानांतून सांगत आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रात घरोघरी पोहोचवली, तीच ही. आपल्या कडकडीत भुकेच्या दोन वेळा ओळखायच्या, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचे, अधेमधे पाणी, पातळ ताक किंवा बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा एवढेच घ्यायचे आणि रोज ४५ मिनिटे चालायचे. खाण्याच्या प्रत्येक खेपेला शरीरात इन्शुलिन स्रवते, तेव्हा खेपाच कमी कराव्यात, हा त्यामागचा विचार. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

चार महिन्यांत सहा किलो उतरले होते आणि तेवढ्यात एका जुन्या विद्यार्थ्याचे आमंत्रण आले : “सर, पौषात हुरड्याला या.” अकरा आणि सात या आपल्या दोन वेळा मी त्याला आधीच कळवल्या आणि जालन्याची गाडी धरली.

‘जालना, सोने का पालना’ असे या गावाबद्दल पूर्वापार म्हणतात. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. पण कुंडलिकेच्या काठची ही बाजारपेठ त्याहून कितीतरी जुनी. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे बियाण्यांची कंपनी काढली आणि जालन्याचे बियाणे देशभर गेले. लोखंडी सळयांचे कारखानेही येथे पुष्कळ. असे उद्योगी गाव, आणि उद्योगी गावात चहाला खळ नसतो. मोंढ्यात विद्यार्थ्याची ओळख एका दुकानाशी. चहा मात्र पाच दुकानांतून आला. चहाला ‘नको’ म्हणणे म्हणजे माणसाला ‘नको’ म्हणणे, असा तिथला कायदा. मी कोरा, बिनसाखरेचा चहा मागितला, तेव्हा एका वृद्ध अडत्याने आवाज खाली आणून विचारले, “घरी काही वाईट झालं का, सर?” पाचही दुकानांत पेला हातात धरून बसलो, पीकपाणी विचारले. यजमानाला साखरेपेक्षा आपली बैठक हवी असते, एवढे त्या सकाळी ध्यानात आले.

दुसऱ्या दिवशी घनसावंगी तालुक्यातल्या जांबेला गेलो. १६०८ साली समर्थ रामदास जन्मले, ते हे गाव. भर मंडपात भटजींनी ‘सावधान’ म्हणताच बाळ नारायण बोहल्यावरून निघून गेला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. बलोपासना सांगणाऱ्या पुरुषाच्या जन्मगावी आपले पोट घेऊन उभे राहताना माणूस थोडा संकोचतो. तिथून पुढे मात्र समोर बशी आली, की माझ्या कानात ‘सावधान’ घुमू लागले. अडचण एवढीच, की समर्थांसारखे पळून जायची मला सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी नवाच्या सुमारास विद्यार्थ्याच्या शेतावर पोहोचलो. एका अंगाला मोसंबीची बाग, दुसऱ्या अंगाला कणसांनी वाकलेली ज्वारी. २०१२-१३च्या दुष्काळात या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. त्याच्याही वडिलांनी झाडे तोडून सरपण केले होते. आताची बाग त्यानंतरची, शेततळ्यावर जगलेली. आगटी पेटायची होती, तोच पंच्याहत्तरीची आजी चिवड्याची ताटली घेऊन पुढे आली. नातवाने माझे पथ्य समजावून सांगितले. मला वाटले, आता म्हातारी रागावणार. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “बहात्तरच्या दुष्काळात आमीबी दोनदाच खायचो, बाबा. कवा कवा एकदाच. तवा कुन्या डाक्तरानं सांगितलं नव्हतं.”

१९७२ साली ती कडेवर पोर घेऊन खडी फोडायच्या कामावर जात होती. तिथे मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी, यांवर घर जगले. तिचा उपास आणि माझा उपास दिसायला सारखे; पण तिच्यापुढे ताट नव्हते आणि माझ्यापुढे ते चुकवायला जागा नव्हती. अशा हाताने पुढे केलेली ताटली नाकारताना ‘मला भूक नाही’ हे वाक्य तोंडातून निघत नाही. मी म्हटले, “आजी, अकरा वाजू द्या. मग तुमच्या हातचं पोटभर खातो.”

अकराला आगटीभोवती बसलो. आजीने कणसे चोळून दिली. हुरडा, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा, दही. हेच माझे जेवण. पाऊण तास खाल्ले, तेही मन लावून. खरे सांगतो, दिवसभर तोंड चालू असताना अन्नाची अशी चव मला कधी कळली नव्हती. मग बांधाबांधाने चाललो. नातू जमीन दाखवीत होता आणि आजी मागून झाडांची वये सांगत होती.

चौथ्या दिवशी निघताना तिने फडक्यात दोन भाकरी आणि ठेचा बांधून दिला. गाडी दुपारची होती. फडक्याची गाठ मारता मारता ती म्हणाली, “आत्ता नको खाऊ. तुह्या घड्याळाला इचारून खाय.”