नऊ मिलिमीटरची ग्रंथी



आमच्या मोठ्या जाऊबाईंची पाळी जाऊन चौदा वर्षं झाली. दिवाळीनंतर त्यांना थोडं रक्त दिसलं आणि त्यांनी लगेच सांगितलं. आपल्याकडे अशी गोष्ट "उष्णता असेल" म्हणून दाबली जाते. पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. ऑपरेशनआधी एमआरआय सांगितला.

मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढून माझ्याकडे दिली. त्या यंत्रात क्ष-किरण नसतात, मोठं चुंबक असतं. ठकठक आवाजात त्या नवकार म्हणत पडून राहिल्या. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: ओटीपोटातली एक लसिका ग्रंथी नऊ मिलिमीटर, संशयास्पद. त्या एका शब्दाने घरात कुणाला जेवण गेलं नाही.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, ती हीच ग्रंथी. डॉक्टरांनी नीट समजावलं. पिशवीतली गाठ स्नायूत किती खोल गेली, हे एमआरआय चांगलं दाखवतो. ग्रंथींचं मात्र तो मुख्यतः माप बघतो. रुंदी आठ-दहा मिलिमीटरच्या पुढे गेली की शंका घ्यायची. पण साध्या सुजेनेही ग्रंथी मोठी होते, आणि लहानशा ग्रंथीतही कॅन्सरच्या पेशी लपलेल्या असतात.

मी बी.कॉम., मला हे पटकन कळलं. ताळेबंद बघून शंका येते. खात्री व्हाउचर तपासल्यावर. इथे व्हाउचर म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी. आपल्या अनेकांतातही हेच आहे: एका बाजूने दिसलं ते खोटं नव्हे, पण पुरतंही नव्हे.

ऑपरेशनमध्ये हिरवा रंग टोचून, पिशवीतून निघणारा प्रवाह आधी ज्यांत पोचतो त्या ग्रंथी शोधल्या. सरसकट सगळ्या काढल्या तर पायांवर कायमची सूज राहू शकते, म्हणून तेवढ्याच आणि ती संशयित एक काढली. नऊ मिलिमीटरची स्वच्छ निघाली. पाच मिलिमीटरच्या एकीत पेशी सापडल्या. म्हणजे तिसरा टप्पा.

आता उपचार चालू आहेत. आमखास मैदानाजवळ २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, त्यामुळे अशा उपचारांसाठी प्रत्येकाला मुंबई गाठावी लागत नाही. जाऊबाईंचा डबा मी सूर्यास्ताआधी पोचवते. परवा म्हणाल्या, "अगं, मुगाची खिचडी जरा सैल कर."

मैत्रिणींनो, पाळी गेल्यावर एक थेंब दिसला तरी सांगा. सुनेला सांगा, लेकीला सांगा, पण सांगा.