धुराचा हिशोब



पंचवटीत घरामागेच आमचा फरसाणाचा छोटा कारखाना आहे. सासऱ्यांच्या काळापासून भट्टी लाकडावर चालायची. गेल्या वर्षी थंडीत मागच्या इमारतीतली एक तरुण मुलगी बाळाला कडेवर घेऊन आली. म्हणाली, "काकू, रागावू नका, पण सकाळी खिडकी उघडता येत नाही. बाळाची छाती भरते."

मी तिला चहा दिला, "बघते" म्हणाले आणि विसरले. महिन्याभराने तक्रार गेली. पालिकेचे लोक पाहणी करून गेले. घरात सगळे चिडले. हे म्हणाले, "रस्त्यावरच्या गाड्यांचा धूर दिसत नाही, आमचं एवढंसं धुरांडं दिसतं!"

ह्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. धूळ आणि वाहने यांचाही वाटा मोठा आहे. २०१९ मध्ये केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्यात हवा निकषात न बसणाऱ्या शहरांच्या यादीत आपले नाशिकही आहे. पण धुरांडे आमचेच होते, म्हणून नियम काय आहेत ते मुलाकडून समजून घेतले. कारखान्यांच्या धुरासाठी १९८१ चा हवा प्रदूषणाचा कायदा आहे. त्याची संमती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देते. प्रदूषणाप्रमाणे उद्योगांचे लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा वगैरे गट केलेले आहेत. पांढऱ्या गटाला संमती लागत नाही, नुसते कळवावे लागते. व्यवसायाचा परवाना आणि वस्तीला होणारा उपद्रव हे मात्र महापालिका बघते. हे काही आजचे नाही. मुंबईत धुराच्या उपद्रवाचा कायदा १९१२ मध्येच झाला होता. आणि ९ जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर जायला सांगितले.

तरीही मला हलवले ते वेगळ्याच गोष्टीने. त्याच आठवड्यात महासतीजी गोचरीला आल्या. तोंडाच्या वाफेने वाउकायाच्या जीवांना इजा होऊ नये म्हणून मुहपत्ती बांधलेल्या, आणि आमच्या धुरांड्याखालून खोकत आत आल्या. मला मान वर करवेना.

संध्याकाळी प्रतिक्रमणात पंधरा कर्मादाने आली. पहिलेच इंगालकम्मे. चाळीस वर्षे हा शब्द मी म्हणत आले. तो कोळसेवाल्यांसाठी, वीटभट्टीवाल्यांसाठी आहे असेच वाटायचे. घरात पाणी गाळून घेणारी, सूर्यास्तानंतर चूल न पेटवणारी मी, आणि मागच्या भिंतीपलीकडे पहाटे चारला भट्टी धडधडत होती.

मी बी.कॉम. झालेली, कारखान्याची वही माझ्याकडेच असते. बेसन, तेल, लाकूड, मजुरी, सगळे त्यात आहे. धूर कुठेच नाही. त्याचा खर्च त्या मुलीच्या औषधाच्या बिलात पडत होता. लाकूड स्वस्त पडते असे आम्ही म्हणत होतो, कारण उरलेले पैसे दुसरेच कोणी भरत होते.

पर्युषणात घरात निर्णय झाला. आता दोन कढया गॅसवर आहेत. इंधनाचा खर्च जवळपास दीडपट झाला. शेव किलोमागे थोडी महाग केली, काही गिऱ्हाइके तुटली. लहान व्यावसायिकाला हा बोजा जड जातो, हे मी लपवणार नाही. बँकेने किंवा सरकारने नवी भट्टी घ्यायला हात दिला, तर कितीतरी जण आपणहून बदलतील.

गॅसवरही तेउकायाची हिंसा होतेच. धंदा आहे तोवर ती पूर्ण सुटणार नाही. पण जयणा म्हणजे जेवढे कमी करता येईल तेवढे कमी करणे.

संवत्सरीला त्या मुलीच्या दारात गेले आणि मिच्छामि दुक्कडम् म्हणाले. तिला अर्थ ठाऊक नव्हता, मी सांगितला. ती हसली आणि म्हणाली, "काकू, हल्ली खिडकी उघडी असते."

तुमच्याही घरच्या धंद्यात भट्टी, बॉयलर किंवा भंगार जाळणे असेल, तर धूर कोणाच्या खिडकीत जातो ते एकदा तिथे जाऊन बघा. तक्रार येईपर्यंत थांबू नका.

जय जिनेंद्र.