बिनशेपटीचा

घरातला उंदीर मेला की माणसांना आनंद होतो. आमच्या घरी मात्र सुतक पडल्यासारखे झाले. हे मी बँकेत सांगितले तेव्हा शेजारच्या काउंटरवरच्या बाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "वास येत असेल ना हो!" मग खुलासा करावा लागला, की हा उंदीर कॉम्प्युटरचा, म्हणजे माउस. वीसेक वर्षांपूर्वी घेतलेला, बिनतारी, आणि माझा नव्हे, अण्णांचा.

अण्णा म्हणजे आमचे तीर्थरूप. वय ऐंशी. सारी हयात तारखात्यात गेली. १४ जुलै २०१३ ला देशातल्या शेवटच्या तारा गेल्या, तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून, रांगेत उभे राहून त्यांनी स्वतःलाच एक तार केली होती. मजकूर पाच शब्दांत बसवला होता. जास्तीच्या शब्दाला पैसे पडतात ही गोष्ट त्यांच्या बोलण्यातही उतरली आहे.

तर दुपारच्या जेवणानंतर अण्णा कॉम्प्युटरवर पत्ते लावायला बसत. एकट्याने लावायचा तो डाव. १९९० साली विंडोजबरोबर तो घरोघर आला, आणि लोकांच्या हाताला माउस धरून ओढायची सवय लागावी हा त्यातला एक हेतू होता म्हणतात. अण्णांना ती इतकी लागली, की चारच्या सुमारास "सुटला!" अशी आरोळी यायची आणि आमची ही चहाचे आधण ठेवायची. घड्याळ बंद पडले तरी आमचे चालत असे.

पुढे चिरंजीवांनी लॅपटॉप आणला आणि त्याच्याबरोबर नवा माउस. जुना ड्रॉवरमध्ये गेला. नवा माउस झुरळाएवढा. त्याच्यावर श्वास सोडला तरी क्लिक होतो. तीन वर्षांत अण्णांच्या उजव्या हाताला कंप सुटला, आणि बदामाची राणी चौकटच्या राजावर जाऊन पडू लागली. (असे संसारात चालते, पत्त्यांत चालत नाही.) एक दिवस अण्णा म्हणाले, "डोळे दुखतात." आणि गॅलरीत जाऊन बसले. डोळे दुखत नव्हते हे हिलाही कळले आणि मलाही. आठवडाभर चहा कधी साडेचारला, कधी पाचला. अण्णा गॅलरीत बसून एसटी मोजत होते.

म्हणून मी तो जुना माउस बाहेर काढला. भरपूर मोठा, तळहात भरेल एवढा, दोन सेलमुळे चांगला वजनदार, आणि बटण असे कडक की दाबणाऱ्याची खरीच इच्छा असल्याशिवाय दबत नाही. थरथरत्या हाताला हेच हवे. पण आत सेल फुटून पांढरे-हिरवे काहीतरी माखले होते.

"लिंबू आणा," ही म्हणाली. मला वाटले दृष्ट काढणार. पण तिने कापसाच्या बोळ्याने रस लावून ती पत्री लख्ख केली. अल्कलाइन सेलमधून जे गळते ते क्षार, त्याला आंबट लागतेच, हे बी.कॉम.ला नसते. नवे सेल घातले. पोटाखालचा लाल दिवा लागला! पडद्यावरचा बाण मात्र ढिम्म.

मी दुकानात गेलो. पोरगा म्हणाला, "काका, फेकून द्या. नवा घ्या, तीनशेला." चिरंजीव म्हणाले, "बाबा, म्युझियमला दे." मला उगाच त्या माउसची कीव आली. या जातीचा मूळपुरुष लाकडाचा होता. डग्लस एंगेलबार्ट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत तो जगाला दाखवला. लाकडी डबी, खाली दोन चाके आणि मागे तारेची शेपटी. शेपटीमुळेच तो उंदीर. नंतरच्या लोकांनी ती कापली. लहानपणी आपण सात शेपट्यांच्या उंदराची गोष्ट ऐकतो. शेवटची शेपटी गेल्यावर त्याचे काय झाले, हे इंजिनिअरांना कुणी सांगितलेले दिसत नाही.

शेपटीऐवजी आमच्या माउसला एक डबी आहे. ती लॅपटॉपला जोडायची. माउस लहरी सोडतो, ती झेलते. हल्लीच्या माउसची डबी नखाएवढी असते. ही साबणाच्या वडीएवढी, आणि चालते २७ मेगाहर्ट्झवर. रिमोटच्या खेळण्यातल्या मोटारीही याच पट्ट्यात पळायच्या. तेव्हा शेजारच्या बंड्याच्या मोटारीने आपला माउस उधळू नये म्हणून प्रत्येक माउसला आपला एक क्रमांक, आणि डबी त्याच क्रमांकाचे ऐकणार. बँकेच्या भाषेत नमुना सही. इथपर्यंत मला समजले. दोन वर्षे व्यवहार नसला की खाते निष्क्रिय होते आणि पुन्हा ओळख पटवावी लागते, हे तर मी रोज लोकांना सांगतो आणि शिव्या खातो. माउसच्या पोटाखाली एक बारीक भोक होते, आत बटण. टाचणीने मी ते तीन संध्याकाळी दाबले. एकदा तर दाबता दाबता टाचणी माझ्याच अंगठ्यात गेली.

चौथ्या संध्याकाळी गॅलरीतून आवाज आला, "पलीकडच्याला बोलावलंस का?"

"कोणाला, अण्णा?"

"डबीला. अरे, कराड लाईनवर असतो का, हे विचारल्याशिवाय कधी तार सोडली आम्ही? आधी त्याचं नाव घेऊन हाका मारायच्या. तो 'हां, बोल' म्हणाला की मग मजकूर. तू तीन दिवस रिकाम्या ऑफिसला तारा करतोयस."

आम्ही ज्याला डबीवरची नक्षी समजत होतो, ते बटण होते. वीस वर्षे नक्षी समजत होतो! शिवाय मी डबी ठेवली होती लोखंडी कपाटावर. अण्णांनी ती खाली घ्यायला लावली, माउसपासून वीतभर अंतरावर. म्हणजे लॉकरसारखाच मामला: एक किल्ली बँकेची, एक गिऱ्हाइकाची, आणि दोन्ही पाठोपाठ फिरल्या पाहिजेत. रोज लॉकर उघडून देणाऱ्या माणसाला हे सुचू नये!

"डबी तुम्ही दाबा," मी म्हणालो. "टाचणी मी बघतो."

त्यांचे बोट बटणावर जाईपर्यंत तीनदा घसरले. "राहू दे, तूच दाब," म्हणतील असे वाटले. पण म्हणाले, "चालतं. लाईनवर याच्याहून वाईट हात होते. एक पंढरपूरचा होता, नुसत्या कटकटीवरून ओळखायचो आम्ही, हा तोच. तोंड कधी पाहिलं नाही त्याचं." आणि बटण दाबले. डबीचा दिवा लुकलुकायला लागला.

"लवकर! तो वाट बघत बसायचा नाही."

मी टाचणी खुपसली. दिवा स्थिर झाला. मी टेबलाच्या काचेवर माउस फिरवला. बाण जागचा हलेना. पोटात गोळा आला. हिने काही न बोलता खाली जुन्या वहीचा पुठ्ठा सरकवला. लाल दिव्याला काचेवर काही दिसत नाही, पुठ्ठ्यावर दिसते. बाण सुर्रकन कोपऱ्यात गेला.

त्या संध्याकाळी अण्णा दोन तास बसले. डाव एकही सुटला नाही, पण राणी पडली तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी माझ्या काउंटरवर पेन्शनची रांग होती आणि फोन वाजला. अण्णा तेवढ्यासाठी फोन करत नाहीत, म्हणून धास्तावून उचलला.

"दोन सेल आण. डाव सुटला."

पाच शब्द. फोन बंद. घड्याळात पाहिले, चार वाजून दोन मिनिटे झाली होती. रांगेतले एक आजोबा काचेतून म्हणाले, "साहेब, आमचं बघता का?"